शनिवारचा डबा

॥ श्री ॥

राजाजीनगर, बंगळूर
रविवार, २७ ऑगस्ट १९६१

श्री. मल्लाप्पाअण्णा यांस,

अहल्येचा सादर नमस्कार. वि. वि. इकडे सगळे खुशाल. तुमचं, कस्तुराबाईंचं आणि घरच्या सगळ्यांचं कुशल कळवावं.

परवा वरमहालक्ष्मीचं व्रत झालं. दाराचं तोरण अजून सुकलेलं नाही आणि फडताळात ओबट्टू अजून शिल्लक आहेत. तुम्ही त्याला पुरणपोळी म्हणता. आमचे पूर्वज शहाजीराजांबरोबर इकडे आले असं माझ्या सासूबाई, गोदूबाई, येईल त्याला सांगतात. पण पुरणपोळीचा ओबट्टू वाटेत कुठं झाला ते काही सांगत नाहीत.

या घरी येऊन आम्हाला वर्ष झालं. नळाला पाणी पहाटेच येतं, त्यामुळे सगळी गल्ली कोंबड्याआधी उठते. मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, परसात गुलाब लावलेत. नोकरीतून मोकळे झाल्यापासून गुलाबाच्या पानावर कीड दिसली की त्यांचं जेवणावरचं मन उडतं. माझे यजमान हयवदन घड्याळाच्या कारखान्यात आहेत आणि आजवर एकदाही वेळेवर घरी आलेले नाहीत. मुलगी अडीच वर्षांची झाली. शेजारणीशी कन्नड बोलते, आमच्याशी मराठी, आणि मांजराशी जे बोलते ते दोघांनाही कळत नाही. एकंदरीत माझं बरं चाललं आहे, अण्णा. हे तुम्हाला लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतं आहे, तरी खरं ते लिहिते.

आता तुमच्या कार्डाकडे येते.

मागच्या महिन्यात मी तुम्हाला दोन पानं लिहिली, त्यात निम्मी थट्टा होती. दोन दिवाळ्या गेल्या, बेळगावचा कुंदा आला नाही, भावाला बहिणीचा विसर पडला वाटतं, असं काहीतरी. त्यावर तुमचं उत्तर आलं ते एका ओळीचं. ना मायना, ना सही.

‘मराठीत लिवलेलं तुमच्या हापिसात उघडत्यात काय आता?’

मी आधी हसले. वाटलं, थट्टेला थट्टा. मग अक्षर पाहिलं. तुमचं अक्षर मला पाठ आहे. दोन वर्षं सीमेवरून तुम्ही धाडलेल्या बातम्या मी त्याच अक्षरात वाचून भाषांतर करत होते. त्या कार्डावर पेन इतका दाबलाय की मागच्या बाजूला उमटलाय. म्हणून दुसऱ्या दिवशी ऑफिसात जुने कारकून विश्वेश्वर यांना विचारलं. त्यांनी आधी दार लोटलं आणि मग म्हणाले, “मल्लाप्पा रिटायर झाले हे तुम्हाला कुणी सांगितलं, अक्का? त्यांना काढलं. गाडीच्या प्रकरणात. बातमी उशिरा दिली म्हणून.”

अण्णा, हे मला आत्ता कळतंय, यावर विश्वास ठेवा. मुगळहट्टीच्या स्टेशनवर स्फोट झाला त्याच आठवड्यात मी बाळंतपणाला म्हैसूरला माहेरी गेले. परत आले तोवर चौकशी आटोपली होती आणि मला सांगितलं, मल्लाप्पा रिटायर झाले. तुमचा तो मराठीतला कागद चौकशीत निघालाच असेल, असं मी धरून चालले होते.

पोलिसांच्या गुप्त बातम्यांच्या खात्यातली आमची खोली तुम्ही कधी पाहिली नाहीत, म्हणून सांगते. तिथं टपाल ठेवायच्या दोन जागा होत्या. कन्नडात किंवा इंग्रजीत आलेलं रोजच्या ट्रेमध्ये, आणि मराठीत आलेलं बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात. बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आलं तेव्हापासून मराठीतलं जे येई ते बहुतेक सीमेच्या भांडणाचं असे. अमक्या चौकात सभा झाली, तमक्याने घोषणा दिल्या. म्हणून साहेबांनी शिरस्ता घालून दिला होता, की मराठीचा डबा फक्त शनिवारी उघडायचा. डबा भरणं माझ्याकडे होतं, आणि वाचल्याशिवाय कागद खाली ठेवायची सवय मला नाही.

तुमचा कागद मंगळवारी आला. गुळाच्या व्यापाऱ्याने तुमच्या कानावर जे घातलं ते तुम्ही त्याच्याच बोलीत उतरवलं होतं: गोव्याच्या हद्दीतली एक भाडोत्री टोळी सुरुंगाची दारू घेऊन घाट चढली आहे, आणि शुक्रवारी मुगळहट्टीचा बाजार, बाजारच्या गाडीला गर्दी, तेव्हाच बेत आहे. मी तो कागद डब्यात टाकला नाही. सरळ साहेबांसमोर नेला. म्हटलं, “हे सभेचं नाही. गाडी उडवायची म्हणतात.”

साहेबांनी वर पाहिलं नाही. म्हणाले, “मराठीत आहे ना? शनिवार.”

एवढंच तुम्हाला कळवायचं होतं. तुमचा कागद वेळेवर आला होता आणि तो उघडला होता. मी उघडला होता. आता याचं पुढे काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही. पण तुम्ही अपील केलंत की नाही, ते कळवा. तुम्हाला लिहवत नसेल तर कस्तुराबाईंना लिहू द्या.

साहेबांबद्दल विचाराल तर ते आता नोकरीत नाहीत. प्रकृती बरी आहे असं ऐकते.

कळावे.
आपली,
अहल्या


॥ श्री ॥

राजाजीनगर, बंगळूर
रविवार, २४ सप्टेंबर १९६१

श्री. मल्लाप्पाअण्णा यांस,

अहल्येचा नमस्कार. गणपती झाले, उद्यापासून पक्ष पंधरवडा. घरात डाळी वाटण्याची आणि एकमेकांवर चिडण्याची तयारी सुरू आहे. पाऊस सरला तरी हवेत गारवा आहे. बंगळुरात स्वेटर आणि पंखा एकाच दिवशी लागतात, त्यामुळे कपाट कधी बंद होत नाही.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण कस्तुराबाईंनी लिहिलं. रागावू नका त्यांच्यावर. अपिलाचा अर्ज त्यांनीच तुमच्या सहीसाठी पुढे केला, सुनावणी दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात इथं बंगळुरात निवृत्त जज्जांसमोर आहे, आणि तुम्ही येणार नाही म्हणून बसला आहात, हे सगळं मला कळलं. त्यांचेच शब्द उतरवते, तुमच्या पद्धतीने: “ताई, ह्यांनी म्हणत्यात, एकदा मराठीत सांगटलो, एकदा फोनवर सांगटलो, एकदा कन्नडात सांगटलो, आता चौथ्यांदा कुठल्या भाषेत सांगू? गावातली माणसं म्हणत्यात, ह्याला ठावं हुतं आणि गप बसला. मी हिरीवर गेले की बायका बोलायच्या थांबत्यात.”

त्या शेवटच्या वाक्यावर मी पत्र मिटून ठेवलं, आणि पोळ्या लाटून झाल्यावर पुन्हा उघडलं.

फोनचं मला ठाऊक नव्हतं. म्हणजे बुधवारी तुम्ही ट्रंककॉल लावलात आणि साहेबांनी सांगितलं, “कन्नडात लिहून ठरल्या मार्गानं पाठव.” तुम्ही तसं पाठवलंत. तो कागद शनिवारी पोचला, शिक्का बसला, आणि स्टेशन शुक्रवारीच उडालं होतं. चौकशीवाल्यांना शिक्क्याचा कागद दिसला. बिनशिक्क्याचा दिसला नाही. म्हणून मल्लाप्पा उशिरा जागे झाले असं ठरलं. स्टेशनच्या बाकावर जी माणसं गाडीची वाट बघताना गेली त्यांच्या मरणाच्या दोषाची मोळी त्यांना वाचवायला धावणाऱ्याच्याच डोक्यावर चढवली. मला इतका संताप आला, अण्णा, की दोन दिवस घरात माझ्याशी कोणी बोललं नाही.

तुम्ही येऊ नका. मी जाणार आहे. साक्षीदार म्हणून नाव देऊन आले आहे.

आता ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवू? मागच्या पत्रात साहेबांबद्दल ‘प्रकृती बरी आहे असं ऐकते’ असं लिहिलं होतं. ते खोटं नव्हे. रोज पहाटे त्यांचा खोकला भिंतीपलीकडून ऐकते. आमचे साहेब नरसिंहराव आणि माझे मामंजी नरसिंहराव एकच. आमच्या लोकांत मामाच्या घरी मुलगी देतात. आईने मला तिच्याच भावाच्या घरी दिली. म्हणजे ते माझे मामा आधी, सासरे नंतर आणि साहेब त्याच्याही नंतर. अनुवादाची नोकरीही त्यांनीच दिली. बाहेरची बाई घेण्यापेक्षा घरातली बरी, तोंड बंद राहील, असं तेव्हा ते हसून म्हणाले होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, अशी माझी गत आहे.

त्यांना न सांगता जायचं नाही, एवढं ठरवलं होतं. ते परसात गुलाबाला राख घालत होते. मी पायरीवर बसले आणि तुमचं कार्ड त्यांना वाचून दाखवलं. मग म्हटलं, “मामा, मी साक्ष द्यायला जाणार आहे. कागद आला होता आणि तुमच्या हातात दिला होता, असं सांगणार आहे.” लग्नानंतर मी त्यांना मामा म्हटलं नव्हतं. ते आपोआप तोंडातून गेलं.

त्यांनी राखेचं भांडं खाली ठेवलं. “जज्ज काय विचारतील ठाऊक आहे?” म्हणाले. “विचारतील, अक्का, तुझी मातृभाषा कुठली? मग विचारतील, मल्लाप्पा कुठल्या भाषेत लिहीत होता? झालं. आपली माणसं एक झाली म्हणतील.”

“म्हणू देत.”

“तुला स्वल्प सोपं वाटतं ते. त्या दिवसांत मला काय वाटत होतं ते तुला नाही कळणार. बेळगावचा मोर्चा निघाला की ऑफिसात सगळे माझ्याकडे बघत. तीनशे वर्षं इथलं पाणी पितो, मुंज-लग्न इथं, मसण इथं, तरी वरचे म्हणत, नरसिंहराव, तुमच्या लोकांचं काय चाललंय? मराठीतला एक कागद मी घाईने वर नेला असता तर म्हणाले असते, बघा, आपल्यांची वकिली करतोय. म्हणून डबा केला. मराठीतलं काही घाईचं असूच शकत नाही, असं सगळ्यांना दाखवायला.”

मला त्यांचा राग यायला हवा होता. आलाही. पण त्यात कीवही मिसळली. एवढंच म्हटलं, “दाखवलंत ना मग. बघितलं सगळ्यांनी.”

ते उठून आत गेले. त्या दिवसापासून ते माझ्या हातची कॉफी घेत नाहीत. पेला उचलून बाजूला ठेवतात, आणि थंड झाला की गोदूबाई मुकाट्याने ओतून देतात. काल त्या मला माजघरात ओढून म्हणाल्या, “तुला जन्मल्यावर मध मी चाटवला. तुझ्या जिभेनेच या घराचं नाव घालवणार का?” मी म्हटलं, “मामी, दुसऱ्या एका घराचं नाव गेलंय, ते आधी आणते.” त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि तांदूळ निवडायला बसल्या. हयवदन म्हणतात, तुला पटेल ते कर. आणि मग कारखान्यात आणखी उशिरापर्यंत थांबतात.

सुनावणीनंतर या घरात मला बसायला पाट मिळेल की नाही, सांगता येत नाही. माहेरचा रस्ताही यांच्याच अंगणातून जातो, कारण माझ्या आईला हाच एक भाऊ आहे. तरी मी बरी आहे, हे खरं सांगते. झोप लागते. कस्तुराबाईंना म्हणावं, विहिरीवर जायचं सोडू नका.

तुम्ही मागे एकदा कागदाच्या तळाला मला टीप लिहिली होती, आठवतं? ‘ताई, माणूस ज्या भाषेत घाबरला त्या भाषेत लिहावं. भाषांतर केलं की भीती गळून पडते.’ माझं भाषांतर फार सुबक झालं म्हणून तुम्ही रागावला होतात. जज्जांसमोर तुमचा कागद मी भाषांतर न करता सांगणार आहे.

आपली,
अहल्या


॥ श्री ॥

राजाजीनगर, बंगळूर
रविवार, २२ ऑक्टोबर १९६१

प्रिय मल्लाप्पाअण्णा,

नमस्कार. दसरा झाला, बाहुल्या पेटीत गेल्या. आमच्याकडे नवरात्रात बाहुल्या मांडतात. यंदा मुलीने राजाच्या शेजारी मांजराला बसवलं आणि मांजर दोन दिवस तिथून हललं नाही. हळदीकुंकवाला दरवर्षीपेक्षा कमी बायका आल्या. ज्या आल्या त्यांना प्रसादाचं हरभऱ्याचं सुंडल पोटभर मिळालं.

अपिलाचा निकाल तुमच्याकडे पोचला असेलच. तरी मी सांगणार आहे, कारण निकालाच्या कागदात खोली नसते आणि माणसंही नसतात.

त्या दिवशी सकाळी मी निघाले तर मामंजी ओसरीवर उभे. काळा कोट, डोक्याला जरीचा पेटा. ऑफिसचा शेवटचा दिवस झाल्यापासून तो पेटा कोणी पाहिला नव्हता. मला वाटलं, झालं, हे मला खोटं पाडायला निघालेत. दारात जटका उभा होता. ते आधी चढले आणि माझ्यासाठी जागा सोडून बसले. राजाजीनगरापासून कोर्टापर्यंत घोड्याने जेवढा आवाज केला तेवढाच. उतरताना मात्र त्यांनी माझी छत्री धरली, आणि आत जाईपर्यंत ती त्यांच्याच काखेत राहिली.

जज्ज म्हातारे होते, कानाला हात लावून ऐकत. मी सगळं सांगितलं: मंगळवार, डबा, ‘मराठीत आहे ना? शनिवार’. मग तुमचा कागद सांगितला, जसा होता तसा, गुळवाल्याच्या बोलीत. ‘दादा, बाजाराला जाऊ नगा म्हणून सांगा बायकापोरांस्नी’, हे त्यातलं शेवटचं वाक्य. जज्जांना मराठी येत नव्हती, तरी त्यांनी कानावरचा हात खाली घेतला. अर्थ त्यांनी नंतर विचारला.

मग खात्याचे वकील उठले. मामंजींनी जे सांगितलं होतं अगदी तेच. “तुमची मातृभाषा?” मी म्हटलं, मराठी. “आणि मल्लाप्पा कुठल्या भाषेत लिहीत?” म्हटलं, मराठी, घरात कन्नडही बोलतात. वकील हसून जज्जांकडे वळले, “म्हणजे बाई आपल्या माणसासाठी आल्या आहेत.”

अण्णा, मी तुम्हाला एकदाही पाहिलेलं नाही. तुमचं नाक कसं आहे तेसुद्धा मला ठाऊक नाही. मी म्हटलं, “नाही साहेब. माझा माणूस तो तिकडे बाकावर पेटा मांडीवर घेऊन बसला आहे. मी त्याच्या विरुद्ध बोलतेय.”

मामंजी उभे राहिले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. शिपाई पुढे झाला, तर जज्जांनी हाताने थांबवलं. मामंजी कन्नडात बोलले, सावकाश, ऑफिसात मजकूर सांगायचे तसे. मी तुम्हाला मराठीत सांगते. यात काही गळलं तर माझा दोष.

“ही खरं बोलते आहे. कागद मंगळवारी आला. माझ्या हातात दिला. मी तो डब्यात टाकला. मल्लाप्पाचा फोनही मी घेतला, आणि त्याला कन्नडात लिहायला मीच सांगितलं. शुक्रवारी स्फोट झाल्यावर डबा वर मागवला गेला. परत आला तेव्हा रिकामा होता. मी विचारलं नाही. बुधवारी तो कागद पुढे गेला असता तर बाजारगाडी थांबवता आली असती.” मग म्हणाले, “तो मराठीत होता आणि मीही मराठी होतो. दुसरं काही कारण नव्हतं.”

त्यानंतर ते खाली बसले आणि पेटा डोक्यावर घालायचं विसरले. परतताना तसेच बोडक्याने जटक्यात बसले. गणपतीच्या देवळाशी आल्यावर मला म्हणाले, “घरी गेल्यावर कॉफी कर. स्वल्प साखर जास्त घाल.” मी हो म्हटलं आणि रस्ताभर रडले. जटकेवाल्याला वाटलं, आम्ही खटला हरलो. तो बिचारा भाडं घेईना.

तर निकालात लिहिलं आहे की मल्लाप्पांनी सूचना वेळेवर दिली, एकदा नव्हे, दोनदा, बडतर्फी रद्द. हे वाक्य कस्तुराबाईंनी विहिरीवर मोठ्याने वाचावं. कन्नडात वाचावं, मराठीत वाचावं आणि मग पाणी भरावं. गेलेली माणसं त्याने परत येत नाहीत हे मलाही कळतं, आणि तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त. तुम्ही त्यातल्या काहींना नावाने ओळखत होतात. पण तुम्ही त्यांना हाक मारली होती, अण्णा. हे आता सरकारी शिक्क्यानिशी लिहिलेलं आहे.

इकडची बातमी म्हणाल तर माझी नोकरी गेली. अनुवादकाची जागाच आता लागत नाही, असं मला समजावण्यात आलं. मी आभार मानून आले. दुपारी चार मुलींना जमवून मराठी लिहायला शिकवते. घरात बोलतात सगळ्या, पण लिहायला बसल्या की कन्नड अक्षरं येतात. दुपार मजेत जाते. मामंजींकडे पूर्वीचे ऑफिसवाले आता फिरकत नाहीत, आणि सकाळच्या फिरण्याच्या मंडळींनीही वाट बदलली आहे. पहिले काही दिवस त्यांना ते लागलं. आता ते मुलीला घेऊन फिरतात. ती त्यांना प्रत्येक झाडाचं नाव विचारते, आणि ज्याचं येत नाही त्याचं ते बेधडक बनवून सांगतात. गुलाबाला कीड लागली आहे, तरी दोन्ही वेळा पोटभर जेवतात. गोदूबाई माझ्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत. मग दसऱ्याला ओबट्टू करताना म्हणाल्या, “तुझ्या त्या बेळगावच्या भावाला हे आवडतं का, विचार.”

म्हणून विचारते. भाऊबीजेला या. दोघंही या. कुंदा आणला नाहीत तरी चालेल, म्हणजे आणाच. बेळगावच्या गाडीला मामंजी स्वतः स्टेशनवर येणार आहेत. मी म्हटलं, तुम्ही त्यांना ओळखणार कसे? तर म्हणाले, “तो मला ओळखणार नाही हे बरं. मी आधी त्याला नीट बघून घेईन.” मी तुमच्यासाठी पाट मांडीन, तुम्हाला ओवाळीन. ते कुठं उभे राहतील, काय बोलतील, ते मला ठाऊक नाही. तुम्ही त्यांच्याशी बोलावं असा माझा आग्रहही नाही. तो हक्क तुमचा.

फक्त एक. या पत्रासोबत एक पाकीट आहे. मामंजी तीन दिवस परसात पाट घेऊन ते लिहीत बसले होते. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी मराठीत एक ओळ लिहिली नाही, त्यामुळे अक्षर माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींसारखं आहे आणि शाई सांडली आहे. मला वाचू दिलं नाही. खळ लावून स्वतः बंद केलं आणि माझ्या हातात देताना विचारलं, “मराठीतलं तो उघडेल ना?”

उत्तर तुमच्याकडे आहे, अण्णा. पाकीट मी सोमवारच्या टपालाने टाकते आहे; म्हणजे तुम्हाला गुरुवारी मिळेल.

शनिवारपर्यंत ठेवू नका.

तुमची धाकटी बहीण,
अहल्या